धूर त्याचा, फुप्फुस तिचं

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.)

दिवाळी झाली की दरवर्षी आपल्याकडे एक्यूआयची चर्चा सुरू होते. दिल्लीचा आकडा किती, मुंबईचा किती, पुण्यात काय चाललंय. आता तर तालुक्याच्या गावातली पोरंही मोबाईल काढून 'पीएम २.५' किती ते सांगतात. फटाके, बांधकामाची धूळ, डंपर, पराली, सगळ्यांना शिव्या घालून होतात आणि ही चर्चा बहुतेक वेळा टपरीवर, हातात पेटती सिगारेट धरून होते.

हा काही टोमणा नाही. त्या सिगारेटच्या टोकातून निघणारा निळसर धूर म्हणजेच पीएम २.५ आहे, हे आपल्या डोक्यातच येत नाही. प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी, आणि सिगारेट म्हणजे ज्याचा त्याचा शौक, अशी आपण वाटणी करून टाकलीय. ही वाटणी आपोआप झालेली नाही. ती टिकवण्यासाठी जगातल्या काही अतिश्रीमंत कंपन्यांनी अनेक वर्षं पैसा ओतला. आणि ती मोडायला एक चिकाटीचा भौतिकशास्त्रज्ञ, ९१ हजार जपानी बायका, विमानातल्या हवाई सुंदरी आणि आपल्याकडचे काही याचिकाकर्ते लागले. आज ती गोष्ट सांगायची आहे.

विजापूरहून आलेली वस्तू

तंबाखू आपली नाही. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांनी ती आणली आणि पश्चिम किनाऱ्यावरून ती दख्खनमध्ये शिरली. अकबराचा दरबारी असद बेग विजापूरला आदिलशहाच्या दरबारी गेला होता. तिथे त्याला ही नवलाई दिसली. १६०५ च्या सुमारास त्याने रत्नजडित नळी आणि तंबाखू अकबरापुढे ठेवली. बादशहाने एक-दोन झुरके घेतले. दरबारातल्या हकिमाने लगेच आक्षेप घेतला. आपल्या ग्रंथांत या वस्तूबद्दल काही लिहिलेलं नाही, मग बादशहाने ती का घ्यावी? यावर वाद झाला. अकबराने पुढे ती सवय लावून घेतली नाही, पण दरबारातल्या बाकीच्यांनी लावून घेतली. व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक मिळालं. १६१७ मध्ये जहांगीरने बंदीचा हुकूम काढला, त्याचा काय उपयोग झाला ते आपण बघतोच आहोत.

साधारण त्याच सुमारास, १६०४ मध्ये, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. त्यात बाकी बरंच काही आहे, पण एक मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नवरा धूर सोडतो आणि बायकोपुढे दोनच वाटा उरतात, एक तर तिनेही ओढायला लागायचं, नाही तर जन्मभर त्या दुर्गंधीत राहायचं, अशा अर्थाची तक्रार त्याने केली आहे.

म्हणजे चारशे वर्षांपूर्वी एका राजाला दिसलं होतं, की ओढणारा एक असतो आणि सोसणारी दुसरी. फक्त ते सिद्ध करायला पावणेचारशे वर्षं गेली.

धूर म्हणजे नेमकं काय

इथे थोडं विज्ञान समजून घेऊ.

सिगारेट किंवा विडी दोन तऱ्हेने धूर देते. एक, झुरका घेतल्यावर ओढणाऱ्याच्या छातीत जाऊन बाहेर येतो तो. दुसरा, दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात नुसत्या जळत्या टोकातून निघतो तो. खोलीत जो धूर साठतो त्यातला बहुतांश या दुसऱ्या प्रकारचा असतो. झुरका ओढताना टोक भगभगतं, तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. नुसतं धुमसताना ते बरंच खाली असतं, म्हणून जळणं अर्धवट होतं. चुलीत ओलं लाकूड घातलं की धूर जास्त होतो, तसंच हे. शिवाय या धुराला कुठलाही फिल्टर लागत नाही. फिल्टर आहे तो ओढणाऱ्याच्या ओठाकडे. बाजूला बसलेल्याला विनाफिल्टर माल मिळतो.

हा धूर म्हणजे नुसता वायू नव्हे. त्यात डांबरासारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म थेंब आणि कण तरंगत असतात. बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. रस्त्यावरची जाडी धूळ नाकातल्या केसांत आणि घशात अडकते, आपण शिंकतो, खाकरतो, ती बाहेर पडते. हे कण मात्र अडकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात, जिथे रक्त आणि हवा यांची देवाणघेवाण होते. तंबाखूच्या धुरात ७ हजारांहून अधिक रसायनं सापडली आहेत, त्यातली सुमारे ७० कर्करोगाला कारणीभूत ठरणारी आहेत. हे कण त्यांची वाहतूक करतात.

२००४ साली इटलीत एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. डोंगरातल्या एका गावी, जिथे बाहेरची हवा स्वच्छ होती, एका बंद गॅरेजमध्ये डिझेल गाडी अर्धा तास नुसती चालू ठेवली आणि हवेतले कण मोजले. मग गॅरेज उघडून हवा खेळती केली, पुन्हा बंद केलं आणि तीन सिगारेटी एकामागून एक जळत ठेवल्या. तीन सिगारेटींनी केलेलं कणांचं प्रदूषण त्या डिझेल इंजिनच्या सुमारे दहापट भरलं. गाडी नव्या पद्धतीची होती, इंधन कमी गंधकाचं होतं, हे खरं. आपल्याकडच्या जुन्या डंपरशी तुलना केली तर आकडा वेगळा येईल. पण डंपर आपण बैठकीच्या खोलीत उभा करत नाही.

स्फटिक घेऊन फिरणारा माणूस

आता १९७० च्या दशकातल्या अमेरिकेत या. बाहेरच्या हवेसाठी कायदे झाले होते, मोजमाप सुरू होतं. पण माणूस आपला बहुतेक वेळ चार भिंतींच्या आत घालवतो आणि आतली हवा कोणी मोजतच नव्हतं.

जेम्स रिपेस हा भौतिकशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड लॉवरी हा रसायनशास्त्रज्ञ, या दोघांनी ते करायचं ठरवलं. त्यांच्याकडे एक हातात नेता येण्यासारखं यंत्र होतं. त्यात क्वार्ट्‌झचा एक स्फटिक ठरावीक गतीने कंप पावत असतो. हवेतले कण त्यावर बसले की त्याचं वजन किंचित वाढतं आणि कंपनाची गती बदलते. त्यावरून हवेत कण किती ते कळतं. हे यंत्र घेऊन ते वॉशिंग्टन परिसरातल्या बारमध्ये, रेस्टॉरंटमध्ये, खेळांच्या हॉलमध्ये, घरांमध्ये फिरले. कुठे सिगारेट चालते, कुठे नाही, हे बघत मोजत गेले.

मे १९८० मध्ये 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात त्यांचा निबंध आला. निष्कर्ष सरळ होता. जिथे सिगारेट ओढली जाते तिथल्या हवेतले श्वासावाटे आत जाणारे कण बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त आहेत, अगदी वाहत्या रस्त्याच्या हवेपेक्षाही. आणि साधे पंखे किंवा एसी लावून हा प्रश्न सुटणार नाही. तेवढी हवा बदलायची तर खोलीत वादळ सोडावं लागेल.

आज आपण मोबाईलवर जो आकडा बघतो, त्याच जातीचा हा आकडा होता. तो चिमणीखाली नव्हे, बारच्या टेबलाशी उभं राहून मोजलेला होता. पण कण आहेत हे सिद्ध झालं म्हणून माणसं मरतात हे सिद्ध होत नाही. ते काम जपानमध्ये चालू होतं.

९१,५४० बायका

टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत ताकेशी हिरायामा नावाचे साथरोगतज्ज्ञ होते. १९६५ मध्ये त्यांनी २९ आरोग्य केंद्रांच्या हद्दीतल्या, चाळिशी ओलांडलेल्या अडीच लाखांहून जास्त माणसांची नोंद करून घेतली होती. काय खातात, काय पितात, काय ओढतात. मग वर्षानुवर्षं कोण कशाने दगावतं ते बघत राहिले.

त्यात ९१,५४० विवाहित बायका अशा होत्या ज्या स्वतः सिगारेट ओढत नव्हत्या. त्या काळच्या जपानमध्ये पुरुष सर्रास ओढायचे आणि बायका जवळजवळ नाहीच. घरं लहान, भिंती पातळ. एखाद्या शास्त्रज्ञाने मुद्दाम प्रयोग मांडावा तशी ही परिस्थिती आयतीच तयार होती. हिरायामा यांनी या बायकांची विभागणी त्यांच्या नवऱ्यांच्या सवयीवरून केली. नवरा ओढत नाही, थोडी ओढतो, दिवसाला २० किंवा त्याहून जास्त ओढतो.

जानेवारी १९८१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निकाल आला. १४ वर्षांच्या पाहणीत, दिवसाला २० किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांच्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका, न ओढणाऱ्यांच्या बायकांच्या मानाने सुमारे दुप्पट होता. नवऱ्याच्या सिगारेटी वाढल्या की बायकोचा धोका वाढत होता. त्याच वर्षी ग्रीसमध्ये दिमित्रिओस ट्रिकोपुलोस यांच्या अभ्यासातही हीच दिशा दिसली.

जेम्स राजाची ती तक्रार आता आकड्यांत आली होती.

आणि मग 'शंका' विकायला निघाली

तंबाखू कंपन्यांना हे संकट आधीच दिसलं होतं. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या टोबॅको इन्स्टिट्यूटसाठी, म्हणजे कंपन्यांच्या संघटनेसाठी, एक गोपनीय जनमत पाहणी झाली होती. तिचा सल्ला असा होता की, ओढणारा स्वतःचं काय नुकसान करतो हे लोक त्याच्यावर सोडतील, पण तो दुसऱ्याचं काय करतो हा मुद्दा धंद्याच्या मुळावर येणारा आहे. आजवरचा सगळ्यात घातक.

हे अगदी बरोबर ओळखलं होतं. 'माझं शरीर, माझी मर्जी' हा बचाव दुसऱ्याच्या फुप्फुसापाशी येऊन संपतो.

हिरायामांचा निबंध येताच हल्ला सुरू झाला. एका संख्याशास्त्रज्ञाचा आक्षेप हाताशी धरून 'गणित चुकलंय' अशी जोरदार प्रसिद्धी केली गेली. वर्तमानपत्रांत जाहिराती आल्या. गंमत अशी की त्याच वर्षीच्या जुलै महिन्यातली एका सिगारेट कंपनीची अंतर्गत नोंद पुढे उघड झाली. तिच्यात लिहिलं होतं की उद्योगाच्याच दोन सल्लागार तज्ज्ञांच्या मते हिरायामा हे चांगले शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांचा निष्कर्ष बरोबर आहे. आतमध्ये 'बरोबर आहे', बाहेर 'चूक आहे'.

पुढे हिरायामांना उत्तर म्हणून जपानमध्येच एक वेगळा अभ्यास घडवून आणला गेला. त्यात कंपन्यांच्या वकिलांचा आणि अधिकाऱ्यांचा हात होता. १९९५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हे सगळं २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नेच कागदपत्रांच्या आधारे छापलं. युरोपात आणि आशियात शास्त्रज्ञ सल्लागार म्हणून गुपचूप नेमायचे, त्यांनी परिषदांत जाऊन सांगायचं की घरातल्या हवेचा खरा दोष गालिचे, बुरशी, खराब एसी यांचा आहे, असाही कार्यक्रम चालला.

पत्रकार म्हणून मला या प्रकरणातला सगळ्यात बोचणारा भाग हा वाटतो. कंपन्यांना वाद जिंकायचा नव्हताच. वाद चालू आहे असं दिसत राहिलं तरी त्यांचं काम होत होतं. आणि 'दोन्ही बाजू' छापायच्या या आमच्या धंद्यातल्या चांगल्या सवयीचा त्यासाठी वापर झाला. एका बाजूला १४ वर्षांची पाहणी, दुसऱ्या बाजूला पगारी शंका, आणि दोघांना सारख्याच ओळी.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी विस्तृत निकाल दिला, की कंपन्यांनी अनेक दशकं लोकांची फसवणूक केली आणि दुसऱ्याच्या धुराबद्दलही खोटं सांगितलं. तोवर हिरायामांच्या निबंधाला पंचवीस वर्षं झाली होती.

विमानात 'स्मोकिंग सेक्शन'

दरम्यान सरकारी पातळीवर पुरावा साठत गेला. १९८६ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल एव्हरेट कूप यांनी पूर्ण अहवालच या विषयावर काढला. न ओढणाऱ्यांनाही कर्करोग होतो, आणि एकाच हवेत ओढणारे-न ओढणारे वेगळे बसवून धोका जात नाही, हे त्यात स्पष्ट सांगितलं.

विमानांत तेव्हा पुढच्या रांगा 'नो स्मोकिंग' आणि मागच्या 'स्मोकिंग' असायच्या. हवा एकच. पोहण्याच्या तलावाच्या एका कोपऱ्यात लघवीला परवानगी देण्यासारखा हा प्रकार. प्रवासी चार-पाच तासांत उतरून जायचे, हवाई सुंदरींना रोज तेच. त्यांनी १९९१ मध्ये तंबाखू कंपन्यांवर सामूहिक दावा लावला. स्वतः कधी सिगारेटला हात न लावलेल्या बायका आजारी पडत होत्या. १९९७ मध्ये कंपन्यांनी ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली, तो पैसा संशोधनाच्या संस्थेसाठी गेला. अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानांत त्याआधीच, १९८८ आणि १९९० अशा दोन टप्प्यांत, जवळजवळ पूर्ण बंदी आली होती.

२००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दुसऱ्याचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असा निर्वाळा दिला. २९ मार्च २००४ ला आयर्लंडने पबसकट सगळ्या बंदिस्त कामाच्या जागांवर बंदी घातली, असं करणारा तो पहिला देश. तिथे कारण दिलं गेलं ते गिऱ्हाइकाच्या आरोग्याचं नव्हे, वेटरच्या आणि कामगाराच्या. गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं. वेटर कुठे जाणार?

एक छोट्या गावाची गोष्ट सांगून पुढे जातो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात हेलेना नावाचं गाव आहे. २००२ च्या जूनमध्ये तिथे सार्वजनिक ठिकाणी आणि कामाच्या जागी धूम्रपानबंदी लागू झाली. सहा महिन्यांनी ती कोर्टबाजीत थांबली. भागात मोठं इस्पितळ एकच, त्यामुळे हिशेब सोपा होता. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत त्याच सहा महिन्यांत हृदयविकाराच्या झटक्याने भरती होणारे सरासरी ४० असायचे. बंदीच्या काळात २४ झाले. बंदी गेली, आकडा परत चढला. गाव लहान, आकडे लहान. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत घट यापेक्षा कमी दिसली, पण दिशा तीच राहिली. कण फुप्फुसात जातात आणि झटका हृदयाला बसतो. आणि हे व्हायला वीस वर्षं लागत नाहीत.

आपल्याकडे: 'हरकत असेल तर सांगा'

आता आपल्या घरी या.

आपला १९८९ चा रेल्वे कायदा बघा. कलम १६७. डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली, तर त्या डब्यात धूम्रपान करता येणार नाही. वाचायला किती सभ्य वाटतं. पण याचा अर्थ असा की ओढणं हा नियम, न ओढणं हा अपवाद, आणि तो अपवाद मिळवण्यासाठी तोंड उघडायची जबाबदारी सोसणाऱ्याची. रात्रीच्या पॅसेंजरमध्ये मांडीवर पोर घेऊन बसलेल्या बाईने समोरच्या चार गड्यांना 'विझवा' म्हणून सांगायचं. किती बायकांनी सांगितलं असेल?

चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. तहसील कचेरीत साहेबाच्या टेबलावर फायलींच्या शेजारी राखदाणी असायची. दवाखान्याच्या व्हरांड्यात थोटकं पडलेली असायची. थिएटरमध्ये प्रोजेक्टरच्या उजेडाच्या पट्ट्यात धूर वर चढताना दिसायचा. मी बातमीदारी सुरू केली तेव्हा कार्यालयात रात्रपाळीला एवढा धूर असायचा की खिडकी उघडणाऱ्याला 'नाजूक' म्हणायचे.

बदल न्यायालयातून आला. दिल्लीने १९९६ मध्ये न ओढणाऱ्यांच्या आरोग्य संरक्षणाचा कायदा केला होता, गोव्याने १९९७ मध्ये धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध. १९९९ च्या जुलैमध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचं धूम्रपान हे घटनेच्या कलम २१ चं, म्हणजे जगण्याच्या हक्काचं, उल्लंघन ठरवलं. आणि मुंबईचे माजी महापौर, काँग्रेस नेते मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायमूर्ती एम. बी. शाह आणि आर. पी. सेठी यांनी अंतरिम आदेश दिला. शाळा-कॉलेज, दवाखाने, वाचनालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, सभागृहं, रेल्वेसकट सार्वजनिक वाहनं, इथे धूम्रपान बंद. न्यायालयाचा प्रश्न साधा होता: जो ओढत नाही, त्याने दुसऱ्यामुळे आजारी का पडावं?

देवरांच्या राजकारणाबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. आज एसटीत आपण धुराशिवाय प्रवास करतो त्यात या माणसाच्या याचिकेचा वाटा आहे, हे नोंदवायला हवं.

२००३ मध्ये संसदेने कोटपा कायदा केला. २ ऑक्टोबर २००८, गांधी जयंतीपासून सार्वजनिक ठिकाणांचे नवे नियम देशभर लागू झाले. दंड २०० रुपयांपर्यंत. ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी लावायची. राखदाणी, काडेपेटी, लायटर ठेवायचे नाहीत. आणि एक कलम लोकांना माहीतच नाही. त्या जागेच्या प्रमुखाने हे रोखलं नाही तर त्यालाही दंड आहे. पुढच्या वेळी कचेरीच्या जिन्यात कुणी ओढताना दिसलं तर त्याच्याशी भांडू नका, साहेबाला हे कलम दाखवा.

पळवाटही आहे. ३० किंवा जास्त आसनांची रेस्टॉरंट, ३० किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं आणि विमानतळ यांना वेगळी स्मोकिंग रूम ठेवता येते. तिथली थोटकं उचलणारा कोण असतो, त्याचं फुप्फुस कुणाच्या हिशेबात आहे, हे कायदा विचारत नाही.

कायदा उंबरठ्यापर्यंत

महाराष्ट्रात लोक म्हणतात, आपल्याकडे ओढणारे कमी, खाणारे जास्त. खरं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत आपल्या राज्यात धूम्रपानाचं प्रमाण देशात सगळ्यात कमी निघालं. आपला प्रश्न गायछाप आणि गुटख्याचा, त्यावर वेगळं लिहीन.

पण त्याच पाहणीतले देशाचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. धूम्रपान करणारे पुरुष १९ टक्के, बायका २ टक्के. आणि घरात दुसऱ्याचा धूर सोसणारे प्रौढ ३८.७ टक्के. ओढणारे थोडे, सोसणारे कितीतरी जास्त. हिरायामांच्या जपानसारखंच चित्र आहे, फक्त घरं आपली आहेत आणि सिगारेटपेक्षा विडी जास्त आहे. या आकड्यात लहान पोरं तर मोजलेलीच नाहीत.

विडीला लोक साधीसुधी, गरिबाची समजतात. पण तेंदूच्या पानात हवा नीट खेळत नाही, विडी विझते, म्हणून ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. शिवाय विडीच्या बाबतीत धुराची साखळी पेटवण्याच्या आधीच सुरू होते. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, पलीकडे निपाणी, इथल्या हजारो घरांत बायका मांडीवर सूप घेऊन तंबाखू पानात भरतात. तंबाखूची बारीक धूळ घरभर उडत असते. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत झोळीतलं बाळ. त्यांच्यासाठी २०२५ पर्यंत १९६६ चा विडी कामगार कायदा होता, १९७६ चा कल्याण निधी आहे, सोलापुरात मोठ्या लढ्यानंतर उभी राहिलेली हजारो घरांची वसाहत आहे. पण हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीत फुप्फुसाची किंमत धरलेली नसते. म्हणून 'विडी बंद करा' असं शहरातून ओरडणं सोपं आहे. तिच्या हाताला दुसरं काम कोण देणार, हे त्याच दमात सांगितलं पाहिजे, नाहीतर ते ओरडणं खोटं.

तेंदूपत्ता तोडायला गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलात भर उन्हात बाई. विडी वळायला बाई. आणि संध्याकाळी ती विडी पेटल्यावर त्या धुरात भाकरी थापणारीही बाई. ओढणारा मात्र बहुतेक वेळा पुरुष.

कायदा एसटी स्टँडपर्यंत आला, कचेरीपर्यंत आला, थिएटरात आला. घराच्या उंबरठ्यावर तो थांबला, आणि थांबणारच. घरात पोलीस कुठे पाठवणार? म्हणजे घरात आजही १९८९ चा तो रेल्वेचा नियमच चालू आहे. हरकत असेल तर सांगा. आणि हरकत सांगण्याची सोय ज्यांना सगळ्यात कमी, त्यांच्याच वाट्याला धूर सगळ्यात जास्त.

जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त न ओढणारी माणसं या धुराने मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा ही संघटना १५ मायक्रोग्रॅम धरते, आपलं सरकार ६० धरतं. एका बंद खोलीत तीन सिगारेटी दोन्ही मर्यादा ओलांडतात, आणि ते कुठल्याही ॲपवर दिसत नाही. ॲप चौकातल्या यंत्राची हवा दाखवतं, तुमच्या माजघराची नाही.

पंखा लावून, खिडकी किलकिली करून, 'मी गॅलरीच्या दारात उभा राहतो' म्हणून भागत नाही, हे रिपेसने १९८० मध्येच मोजून ठेवलंय. ओढायचीच असेल तर घराच्या पूर्ण बाहेर, पोरांपासून लांब. आणि सोडता आली तर फारच चांगलं. त्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

यंदा एक्यूआयचा स्क्रीनशॉट टाकण्याआधी आपल्या घरातल्या बाईला एकदा विचारा, की तुला धुराचा त्रास होतो का. बहुतेक जणी 'नाही, सवय झालीय' म्हणतील. हिरायामांच्या वहीतल्या त्या ९१ हजार बायकांनीही कदाचित हेच उत्तर दिलं असतं.